ज्ञानदानाचा ओनामा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या सभेतील भाषण)



मराठीत कोणत्याही कार्याच्या आरंभाला ‘ओनामा’ म्हणण्याची रीत आहे. हा शब्द आला कोठून, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. जुन्या पंतोजींच्या शाळेत पहिल्या दिवशी मुलाचे बोट धरून धूळपाटीवर जी अक्षरे गिरवून घेत, ती ‘ॐ नमः सिद्धम्’ ही होती. बालमुखात त्याचे ‘ओनामासीधं’ झाले आणि पुढे त्यातला ‘ओनामा’ तेवढा भाषेत उरला. या वाक्याचे मूळ जैन परंपरेत असावे, असे अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. नवकार मंत्रातील दुसरे पदही सिद्धांनाच वंदन करते, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या घरांना जिनशासनाची फारशी ओळख नव्हती, त्या घरांतील मुलेही पिढ्यान्‌पिढ्या सिद्धांना नमस्कार करून अक्षर शिकली. समाजाने अभिमान बाळगावा असे हे संचित आहे. परंतु आजचा विषय अभिमानाचा नसून थोडा अडचणीचा आहे.

भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या दोन कन्यांना अनुक्रमे लिपी आणि अंकविद्या शिकविली, ही कथा प्रत्येक पाठशाळेत सांगितली जाते. भगवतीसूत्राच्या आरंभी तर ब्राह्मी लिपीलाही नमस्कार केलेला आहे. लिपीपुढे मस्तक नमविणारी ही परंपरा आहे. दिगंबर बांधव ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी साजरी करतात, श्वेतांबर बांधव कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी. दोन्ही दिवशी ग्रंथ पाटावर ठेवून त्यांची पूजा होते. आगम हे दीर्घकाळ मुखोद्गत होते. दुष्काळ आले, स्मरणशक्ती क्षीण होत गेली आणि श्रुत लुप्त होण्याचे भय निर्माण झाले, तेव्हा पुष्पदंत-भूतबली या आचार्यांनी षट्खंडागम लिपिबद्ध केला. वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी आगमांचे लेखन करविले. स्मृती संपते तेथे लेखणी हाती घ्यावी लागते, हे या समाजाला दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच उमगले होते.

आता त्याच समाजाच्या अवतीभवतीचे एक दृश्य. घाटकोपर असो, मुलुंड असो, अंधेरी किंवा बोरिवली असो. रेल्वे स्थानकापासून पंधरा मिनिटे चालत गेले की एखादी प्राथमिक शाळा लागते. चौथीच्या वर्गात पन्नासएक मुले आहेत. पहिल्या दोन बाकांवरील मुले हात वर करून धडा वाचून दाखवितात आणि वर्ग उत्तम चालला आहे असे पाहुण्यास वाटते. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसला आहे. त्याची वही स्वच्छ आहे, फळ्यावरचे सर्व काही त्याने वळणदार अक्षरांत उतरवून घेतले आहे. त्याला जवळ बोलावून त्याच वहीतील ‘पाऊस’ हा शब्द वाचावयास सांगितला, तर तो गप्प राहतो. त्याने शब्द लिहिलेला नसतो, शब्दाचे चित्र काढलेले असते. चार वर्षे तो शाळेत आला, हजेरी लागली, वरच्या वर्गात ढकललाही गेला; अक्षराने मात्र त्याच्याशी एकदाही संभाषण केले नाही.

हा मुलगा अपवाद नाही. ‘असर’ या नावाने २००५ पासून देशाच्या ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांच्या वाचनाची पाहणी केली जाते. २०२४ च्या पाहणीत तिसरीतील मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले सुमारे २७ टक्के आढळली; २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांपर्यंत घसरले होते. ही पाहणी ग्रामीण भागाची असल्याने मुंबईचा तीत समावेश नाही. त्यामुळे उपनगरवासीयांना हा प्रश्न दूरचा वाटतो. परंतु मार्च २०२० मध्ये मुंबईतील शाळांना जे कुलूप लागले, ते प्राथमिक वर्गांपुरते २०२१ च्या डिसेंबरपर्यंत निघाले नव्हते. ज्या मुलांचे पहिली-दुसरीचे वय त्या काळात सरले, त्यांचे काय झाले हे विचारण्यास आकडेवारीची वाट पाहण्याचे कारण नाही. शेजारच्या चाळीत जाऊन विचारता येते.

येथे पाठशाळेबद्दलही दोन शब्द मोकळेपणाने बोलणे उचित ठरेल. सहा-सात वर्षांचे मूल प्रतिक्रमणाची सूत्रे धडाधड म्हणते, समोर पुस्तक उघडे असते आणि योग्य ठिकाणी पानही उलटते. आजी-आजोबांचे डोळे पाणावतात. पण त्या मुलाला पानाच्या मधल्याच एका ओळीवर बोट ठेवून ‘येथून वाच’ म्हटले, तर अनेकदा ते पुन्हा आरंभापासून म्हणू लागते. स्मरण ही थोर शक्ती आहे आणि पाठशाळांनी ती जपली याबद्दल त्यांचे ऋणच मानले पाहिजे. तरी पाठांतर म्हणजे वाचन नव्हे. शाळेतही हेच घडते. पहिलीच्या पुस्तकातील कविता वर्गाने इतक्या वेळा एका सुरात म्हटलेली असते की पुस्तक उलटे धरले तरी ती म्हणता येते. वाचन तपासायचे तर मुलाने कधी न पाहिलेला मजकूर द्यावा, हा साधा नियम पाळला तरी पुष्कळ भ्रम दूर होतील.

मराठी वाचणे मुलाला कठीण का जाते, याकडे मोठी माणसे फारसे लक्ष देत नाहीत, कारण त्यांना ते कधी शिकले हेच आठवत नाही. देवनागरी लिपी शास्त्रशुद्ध आहे, जसे बोलावे तसे लिहावे, असे आपण अभिमानाने सांगतो. बहुतांशी ते खरेही आहे. पण सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहा. ‘पिशवी’ या शब्दात त्याच्या डोळ्यांना आधी वेलांटी दिसते आणि मग ‘प’. उच्चार मात्र आधी ‘प’चा करावयाचा. एकच ‘र’ सूर्यात डोक्यावर रफार होऊन बसतो, चक्रात पायाशी तिरका येतो, राष्ट्रात त्याचे छत्रीसारखे रूप होते आणि ‘दुसऱ्या’मध्ये त्याला आणखी निराळाच आकार येतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’, ‘ष’ आणि ‘प’ यांतील भेद अर्ध्या रेघेचा. ‘ख’ तर जरा फटकून लिहिला की ‘रव’ होतो. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील ‘च’ लिहिताना एक, बोलताना दोन. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा असा मराठीचा नियम मूल शिकते, आणि दर दुसऱ्या वाक्यात लागणारा ‘आणि’ हा शब्दच नेमका त्या नियमाला अपवाद! अशा मुलाच्या वहीवर लाल शाईने वर्तुळे काढून त्याला गप्प करणे सोपे असते. ऱ्हस्व-दीर्घाची शुद्धी यावयाची ती वाचन वाढल्यावर येते; जे मूल अजून स्वतःचे एक वाक्य लिहावयास धजत नाही, त्याच्यावर शुद्धलेखनाचा बडगा उगारल्यास ते लिहिणेच सोडते.

अक्षरे कोणत्या क्रमाने शिकवावीत, हा वाद जुना आहे. ‘क ख ग घ’ हा क्रम उच्चारशास्त्राच्या दृष्टीने अतिशय सुंदर आहे; कंठापासून ओठांपर्यंतचा तो प्रवासच आहे. पण हाताला वळण लावण्यासाठी तो तितकासा सोयीचा नाही. म्हणून मराठी शाळांनी ‘ग म भ न’ असा आकारसाम्याचा क्रम स्वीकारला, आणि तीन-चार अक्षरे येताच त्यांचे शब्द बनविण्याची सोय झाली. शब्द लवकर हाती लागणे फार महत्त्वाचे आहे. महिनोन्‌महिने सुटी अक्षरे गिरविणाऱ्या मुलाला वाचनातून काही अर्थ निघतो, हे कळतच नाही. बाराखडीचेही तसेच. ती केवळ घोकण्यासाठी नसून तक्त्यावर आडवी-उभी बोट फिरवून ‘का’, ‘मा’, ‘ला’ या एकाच काना-मात्रेच्या भगिनी ओळखण्यासाठी आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत स्थान दिल्यापासून तिची चौदाखडी झाली आहे. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ या शब्दांशी मुलांचा नित्य संबंध पाहता हे योग्यच झाले, जरी काही ज्येष्ठांना ‘बाराखडी’ शब्दाचा विरह अद्याप सहन होत नसला तरी.

उपनगरांतील जैन कुटुंबांपुढे आणखी एक निराळा पेच आहे. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईच्या हद्दीत आले. त्यानंतरच्या दशकांत येथे सौराष्ट्रातून, कच्छातून, मारवाडातून आणि कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडून कुटुंबे येत गेली. घरात गुजराती, मारवाडी वा मराठी. रस्त्यावर मराठी आणि हिंदी. शाळेत आता बहुधा इंग्रजी. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही आणि तिच्यातील ‘क’, ‘ज’, ‘फ’ यांची वळणे देवनागरीहून निराळी. इंग्रजी शाळेतील मूल आजीचे गुजराती स्तवनाचे पुस्तक वाचू शकत नाही, म्हणून ते स्तवन रोमन लिपीत छापून द्यावे लागते. २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी अनिवार्य झाली आहे. परंतु ज्या मुलाने कोणत्याच एका भाषेत वाचनाचा आनंद घेतला नाही, त्याच्या डोक्यावर तीन लिप्या ठेवल्याने तो त्रिभाषिक होत नाही. घरात जी भाषा बोलली जाते, तीत आधी वाचता यावे. एका लिपीतील वाचन मनात रुजले की दुसरी लिपी काही आठवड्यांचे काम राहते. मुंबई महापालिकेने मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालविल्या, त्यामागे हाच विचार होता. गुजराती माध्यमाचे वर्ग आज ओस पडत चालले आहेत, आणि मराठीचेही. त्याचा दोष केवळ पालिकेवर ढकलता येणार नाही.

ही अडचण सुटते का? सुटते, आणि त्याचा पुरावा याच शहरात आहे. १९९४ मध्ये महापालिका आणि युनिसेफ यांच्या सहकार्याने ‘प्रथम’ ही संस्था मुंबईत उभी राहिली. डॉ. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे हे तिच्या संस्थापकांपैकी. आरंभी वस्त्यांमधून बालवाड्या काढल्या गेल्या. त्यासाठी इमारती बांधल्या नाहीत. कोणाच्या घराची ओसरी, कोठे मंदिराचा सभामंडप, कोठे मंडळाचे कार्यालय, अशी मिळेल ती जागा घेतली. पुढे ‘बालसखी’ हा उपक्रम आला. त्याच वस्तीतील, दहावी-बारावीपर्यंत शिकलेली मुलगी शाळेत जाई. वर्गातून मागे पडलेली पंधरा-वीस मुले बाजूला घेई आणि रोज दोन तास त्यांना वाचन आणि आकडेमोड यांची मुळाक्षरे शिकवी. तिला बी.एड्‌. नव्हते. मानधन महिन्याला काही शे रुपये. परंतु ती त्या मुलांच्या भाषेत बोलत होती आणि अभ्यासक्रम संपविण्याची घाई तिला नव्हती.

या उपक्रमाची २००१ ते २००३ या काळात वडोदरा आणि मुंबई येथे शास्त्रीय तपासणी झाली. मुंबईतील शाळा एल विभागातील, म्हणजे कुर्ल्याच्या परिसरातील, घाटकोपरच्या अगदी सीमेवरच्या. तपासणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्तर डुफ्लो हे होते, ज्यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बालसखी मिळालेल्या वर्गांतील गुण स्पष्टपणे वाढले, आणि सर्वांत अधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. त्याहून उद्बोधक गोष्ट अशी की, ही मुले बाहेर गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, तरी तेथे उरलेल्या मुलांच्या प्रगतीत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे वर्गातील संख्या कमी करणे पुरेसे नव्हते. मूल जेथे आहे तेथून शिकविणे निर्णायक ठरले. आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने तपासले, तेव्हा लाभाचा बराच भाग ओसरला होता. एक वर्ष वर्ग चालवून समारोपाचे छायाचित्र काढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

यातूनच पुढे इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करण्याची पद्धत रूढ झाली. अक्षरही न येणारी मुले एका गटात, अक्षर येणारी दुसऱ्या, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट. पाचवीतील मूल तिसरीतील मुलाबरोबर बसले तरी चालते. रोज दीड-दोन तास: प्रथम ताई मोठ्याने गोष्ट वाचते, मुले शब्दाखाली बोट फिरवीत वाचतात, गोष्टीवर गप्पा होतात, तक्त्यावरून शब्द बनविण्याचा खेळ होतो आणि शेवटी प्रत्येकाने मनाला येईल ते लिहायचे. त्यात चुका असल्या तरी लिहायचे. २०२१ मध्ये केंद्र शासनाने ‘निपुण भारत’ अभियान सुरू करून २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले, त्यामागेही हाच अनुभव आहे.

आपल्या परंपरेत याची उदाहरणे शोधावयास परदेशी विद्यापीठाकडे जाण्याची गरज नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ मध्ये कुंभोज येथे जैन शेतकरी कुटुंबात झाला. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवली, एका दिव्याखाली वाचली. जेथे शाळा नव्हती तेथे गावची चावडी आणि देऊळ हीच शाळा करून त्यांनी प्राथमिक वर्ग चालविले. त्यांनी मुलांच्या धर्माची चौकशी केली नाही. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखावयाची म्हणून मुले शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर शाळाच कुरणात नेली गेली. बोरिवलीहून गाडीने घोलवडला उतरणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते की, चिकूच्या वाड्यांपलीकडे त्या टेकडीवर हा इतिहास घडला आहे?

चार दानांत आहार, औषध आणि अभय यांच्याबरोबर ज्ञानदान, म्हणजेच शास्त्रदान, गणले आहे. धर्मादाय दवाखाने आणि भोजनशाळा यांत या समाजाचा हात कोणी धरणार नाही. ज्ञानदानाचे मात्र रूप पुष्कळदा ठरावीक होऊन बसले आहे: जूनमध्ये वह्यांचे वाटप आणि नंतर गुणवंतांचा सत्कार. नव्वद टक्के मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचा सत्कार अवश्य व्हावा; पण त्याला समाजाची गरज सर्वांत कमी असते. आणि ज्याला लिहिता येत नाही, त्याला दिलेली डझनभर वह्यांची थप्पी त्याच्या लज्जेत भरच घालते. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणे सांगितली आहेत. ज्ञान लपविणे आणि दुसऱ्याच्या ज्ञानात अंतराय आणणे ही त्यांत आहेत. कागदावर पाय पडला तर आपण तत्काळ हात जोडतो, कारण ती ज्ञानाची आशातना. मग ‘तू ढ आहेस’ असे वर्गासमोर ऐकविले गेल्यामुळे ज्याने पुस्तक कायमचे मिटले, त्याच्या बाबतीत कोणती आशातना झाली, याचा विचार आचार्य भगवंतांच्या चरणी बसून एकदा व्हावयास हवा.

सुवर्णमहोत्सवी वर्षात नवे सभागृह, नवी पाटी, नवे देणगीदार फलक यांची चर्चा स्वाभाविकच होते. प्रस्तुत सभेपुढे मांडलेली सूचना त्याहून स्वस्त आहे. अनेक ठिकाणी संस्थेचे सभागृह दुपारी दोन ते पाच रिकामे असते. समाजात निवृत्त शिक्षिका आहेत, महाविद्यालयात जाणाऱ्या मुली आहेत, दुपारच्या वेळी मोकळ्या असणाऱ्या सुशिक्षित श्राविका आहेत. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे नेमाने पाळणाऱ्या समाजाला रोजचा दीड तास नवा नाही. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून तिसरी ते पाचवीची मुले मागावीत; ती कोणत्या समाजाची आहेत हे विचारू नये. एका ताईकडे वीसपेक्षा अधिक मुले नसावीत. गोष्टींची पुस्तके मराठीत असावीत, आणि ज्या मुलाची भाषा गुजराती किंवा हिंदी असेल त्याच्यासाठी त्या भाषेतही. ताईला वेळेवर मानधन द्यावे. सेवाभाव असला तरी रिक्षाचे भाडे लागतेच. वर्ग किमान तीन वर्षे बंद पडणार नाही, अशी तरतूद आधी करून मगच उद्घाटनाचा विचार करावा.

पहिल्या दिवसासाठी एक कागद पुरे. त्यावर दहा अक्षरे, दहा सोपे शब्द, चार वाक्यांचा एक परिच्छेद आणि आठ-दहा वाक्यांची एक गोष्ट, मोठ्या टाइपात. प्रत्येक मुलाला एकटे, बाजूला बसवून, न रागावता वाचावयास द्यावे. एका मुलाला पाच मिनिटेही लागत नाहीत. ते जेथे थांबले, ती त्याची पातळी. नोंदवहीत नाव, इयत्ता आणि त्यापुढे केवळ एक शब्द लिहावा: अक्षर, शब्द, परिच्छेद अथवा गोष्ट. महिन्याने नवा कागद घेऊन पुन्हा तेच. ही नोंदवही विश्वस्तांच्या मासिक सभेत हिशेबाच्या वहीशेजारी ठेवली जावी आणि अध्यक्षांनी ती स्वतः उघडून पाहावी.